घरभर एकच अक्षर

मी एक जुनी पांढरी टाइल आहे. वीतभर लांब आणि वीतभर रुंद. माझा एक कोपरा उडाला आहे आणि पाठीवर सिमेंटचा एक डाग कायमचा बसला आहे. मला पाहून तुम्हाला न्हाणीघर आठवेल, आणि ते बरोबरच आहे. मी भिंतीला लागण्यासाठीच जन्मले होते. पण मित्रांनो, माझ्या अंगावर पाण्यापेक्षा रक्तच जास्त पडले. घाबरू नका. एका वेळी दोन थेंब, त्याहून जास्त नाही.

गुजरातेतल्या एका भट्टीत मी भाजले गेले. तिथून पेटीत गवताच्या बिछान्यावर निजून नागपूर गाठले, आणि १९७२ साली भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा सरकारी रुग्णालयात पोचले. डॉक्टरांच्या हात धुण्याच्या भिंतीला आम्ही चार पेट्या टाइला लागणार होतो. गवंड्याने भिंत पुरी केली, हात झटकले आणि मी एकटी उरले. दोन महिने मी खिडकीखाली धूळ खात पडले होते. माझ्या बहिणी भिंतीवर चकचकत होत्या. मला त्यांचा हेवा वाटे, हे कबूल करते.

तिथे रक्त तपासायचे काम श्यामराव करत. एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रीज आणि काचेच्या बाटल्या, एवढा त्यांचा संसार. रक्तगट पाहण्याची त्यांची चिनी मातीची पट्टी एका मांजराने खाली पाडून फोडली. नवी मागवली तर वर्षाने येणार. श्यामरावांनी मला उचलले, साबणाने धुतले, उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "हे चालते." तेवढ्यावर माझी नेमणूक झाली.

काम सोपे होते. श्यामराव लाल मेणाच्या पेन्सिलीने माझ्या मधोमध रेघ ओढत. डावीकडे 'ए' लिहीत, उजवीकडे 'बी'. डावीकडे निळ्या सीरमचा, म्हणजे रक्त पारखणाऱ्या औषधी पाण्याचा थेंब, उजवीकडे पिवळ्या सीरमचा. मग माणसाच्या बोटाचे रक्त दोन्हींत मिसळायचे आणि मला हलकेच डोलवायचे. डावीकडचे रक्त फाटलेल्या दुधासारखे दाणेदार झाले तर माणूस ए गटाचा. उजवीकडचे झाले तर बी. दोन्हीकडे झाले तर एबी. आणि कुठेच काही झाले नाही, दोन्ही थेंब कुंकवाच्या पाण्यासारखे सरळ राहिले, तर तो ओ.

हे कशासाठी, तेही सांगते. रक्ताच्या लाल कणांवर खुणा असतात. कोणाच्या ए, कोणाच्या बी, कोणाच्या दोन्ही, कोणाच्या एकही नाही. जी खूण आपल्यात नाही, ती घेऊन आलेले रक्त आपले शरीर आत घेत नाही. त्याच्या गुठळ्या करते, त्याचे कण फोडते, आणि ज्याला वाचवण्यासाठी रक्त चढवले तोच काही तासांत हातचा जातो. ओ गटाच्या रक्तावर खूणच नसते, म्हणून ते बहुतेकांना चालते. मात्र ओच्या माणसाला ओशिवाय दुसरे काहीच चालत नाही. धन आणि ऋण असाही एक भेद असतो. पण आमच्या भागात ऋण गटाचे लोक फार थोडे, आणि त्याचे सीरम आमच्याकडे कधी असे, कधी नसे.

मला रक्ताचा ना कंटाळा होता ना माया. पाटलाचा थेंब आणि त्याच्या गड्याचा थेंब माझ्यावर शेजारी शेजारी पडत. कोणता कोणाचा हे पेन्सिलीच्या खुणेवरूनच कळे. मी फक्त दाखवायची, बोलायचे श्यामरावांनी.

एकदा मात्र मी त्यांना फसवले. मे महिन्यात आमच्याकडे ऊन असे तापते की थेंबाच्या कडा बघता बघता वाळतात आणि वाळलेले रक्त दाणे धरल्यासारखे दिसते. एका म्हाताऱ्याचा गट त्यांनी तसाच चुकीचा वाचला. रक्त चढवायचे नव्हते म्हणून निभावले. संध्याकाळी त्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा चूक कळली आणि त्यांना त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. तेव्हापासून उन्हाळाभर ते मला ओल्या गोणपाटावर ठेवत आणि हलवताना एकदाही मान वर करत नसत.

आता ज्या घराची गोष्ट सांगायची, त्या घराकडे येते.

सिहोऱ्याच्या पलीकडच्या एका गावात धनीराम नावाचे धानाचे शेतकरी होते. माणूस कष्टाळू, मायाळू आणि सगळ्या विषयांतले आपल्यालाच कळते असे समजणारा. १९७६ साली बाजाराच्या दिवशी रक्तगटाचे शिबिर झाले. श्यामराव मला पिशवीत घालून तिथे घेऊन गेले. धनीराम रांगेत पहिले होते. ते बी निघाले. तशी चिठ्ठी त्यांना मिळाली आणि ती त्यांनी गावभर दाखवली.

चिठ्ठी सदऱ्यासोबत धुतली गेली. पण धनीराम हरणारे नव्हते. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा भरते. रात्री दंडारीचे नाटक होते, पाहुणे येतात, आणि गोंदणारेही बॅटरीचे यंत्र घेऊन बसतात. धनीरामांनी हातावर 'बी' गोंदवून घेतले. आता पाण्याने जाणार नाही. मग त्यांनी मुलगा तुलाराम याच्या हातावर गोंदवले, बायको गोदावरीबाई यांच्या हातावर गोंदवले. एका हंडीतले खाणाऱ्यांचे रक्त निरनिराळे कसे असेल, हा त्यांचा हिशेब. पुढच्या वर्षी तुलारामचे लग्न झाले. सानगडीची मुलगी सून होऊन आली. लग्नात तिचे नाव चंद्रकांता ठेवले, आणि त्या मंडईत तिच्याही हातावर 'बी' उमटले. पूर्वी मनगटावर तुळशीवृंदावन गोंदत, धनीरामांनी अक्षर गोंदवले. गावात त्यांचे कौतुकच झाले.

१९७८ सालचा मे महिना, दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर मँगेनीजचा एक ट्रक थांबला आणि त्यातून चंद्रकांताला बाजेसकट उतरवले. सकाळी घरीच ती बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण वार पूर्ण पडली नाही आणि रक्त थांबेना. नागपूरहून आलेल्या तरुण डॉक्टरांनी अर्ध्या तासात राहिलेली वार काढली, रक्त थांबवले. पण जायचे तेवढे आधीच गेले होते. तिचे ओठ धुतलेल्या लुगड्यासारखे पांढरे पडले होते.

डॉक्टर म्हणाले, "रक्त आत्ता चढवलं पाहिजे. भंडाऱ्याहून आणायचं तर ट्रक जाऊन येईपर्यंत ही राहणार नाही. नवरा कुठे आहे?"

तुलाराम पुढे आला आणि आपणहून बाकावर आडवा झाला. त्याच्या दंडाला रबराची पट्टी बांधली गेली. धनीरामांनी सुनेचा हात उचलून डॉक्टरांना दाखवला.

"पाहा साहेब, लिवून आहे. बी. पोराच्या हातावरही बीच आहे. तपासाचं काम नाही. घ्या लवकर."

"श्यामराव, सीरम किती आहे?" डॉक्टरांनी विचारले.

"एका माणसापुरतं, साहेब. आन सकाळपासून लाइट गेली आहे. फ्रीज तापला."

"मग नवऱ्याचं तेवढं बघून घ्या. बाईचं हातावर आहेच."

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्यासमोर एक पोरसवदा बाई मरत होती आणि एक धडधाकट नवरा हात पुढे करून पडला होता. पण श्यामरावांनी त्या अक्षराकडे पाहिले, मग धनीरामांकडे पाहिले.

"बापू, सुनेचं रगत कोण तपासलं? कोणत्या दवाखान्यात?"

"तपासाले कायले पायजे? मंडईत गोंदवलं."

"तपासल्याबिगर?"

"लग्नात तिचं नाव बदललं, गोत बदललं. ते आता आमच्या घरची झाली. मंग रगत कायले माहेरचं राहीन?"

हे त्यांनी अगदी सरळपणे विचारले. श्यामरावांनी मला गोणपाटावर ठेवले, पेन्सिलीने रेघ ओढली आणि मान खाली घालूनच बोलले.

"माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, बापू. धर्म बदलला. काका नाही गेला, तो होता तसाच राहिला. दोघाइचं रगत मी याच टाइलवर पायलो. एकच निंगालं. देव बदलला तरी ते नाही बदललं. मांडवात कसं बदलन?"

मग डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, सीरम बाईलेच लावतो."

"दोन मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "त्याहून जास्त नाही."

डावीकडे निळा थेंब पडला, उजवीकडे पिवळा. सीरमची बाटली पालथी झाली. चंद्रकांताचे पातळ रक्त दोन्हींत मिसळले आणि श्यामराव मला डोलवू लागले. काहीच झाले नाही. डावीकडे सरळ, उजवीकडे सरळ.

"ओ," श्यामराव म्हणाले.

"किंवा सीरम मेलंय," डॉक्टर म्हणाले. "उन्हाने गेलं असेल तर कोणाचंही रक्त असंच दिसेल. याच्यावर मी काय ठरवू?"

मित्रांनो, मला तोंड असते तरी त्या वेळी उपयोग नव्हता. डॉक्टरांचे खरे होते. जिवंत सीरमातला ओ आणि मेलेल्या सीरमातला बी माझ्यावर सारखेच दिसतात. सहा वर्षांत मला कधी भीती वाटली नव्हती. तेव्हा वाटली. ती पोरगी बाकाच्या पलीकडे श्वास मोजून घेत होती, तिचा जीव माझ्यावरच्या दोन थेंबांत अडकला होता, आणि मलाच काही ठाऊक नव्हते.

श्यामरावांनी चंद्रकांता आल्या आल्या तिचे थोडे रक्त नळीत काढून ठेवले होते. ते गोठले होते. ती नळी त्यांनी हाताने फिरवायच्या यंत्रात घातली आणि घाम गाळत यंत्र फिरवले. रक्त खाली बसले, वर पिवळसर पाणी आले. परक्या खुणेचे रक्त फाडणारे जे काही असते, ते याच पाण्यात असते. त्या पाण्याचे दोन थेंब त्यांनी माझ्यावर टाकले. मग आपल्याच बोटाला सुई टोचली. श्यामराव ए गटाचे, शेकडो वेळा तपासलेले. आपले रक्त त्यांनी एका थेंबात मिसळले आणि दुसऱ्यात तुलारामचे.

मी तीनदाही डोलले नसेन. दोन्ही थेंब फाटले. असे फाटले की दाराशी उभ्या असलेल्या ट्रकवाल्यालाही दिसले.

"साहेब, सीरम मेलं असन तर असन," श्यामराव म्हणाले. "बाईचं रगत बोलून राहिलं. ए-लेही नाही म्हणते, नवऱ्याच्या रगतालेही नाही म्हणते. ओच दिसते."

डॉक्टरांनी वाकून दोन्ही थेंब पाहिले. मग उठून त्यांनी तुलारामच्या दंडाची रबराची पट्टी स्वतःच्या हाताने सोडली.

"माहं नाही चालत तिले?" तुलारामने विचारले.

"तुझं दिलं असतं तर ती गेली असती," डॉक्टर म्हणाले. तुलाराम बाकावर उठून बसला आणि आपल्या हातावरचे 'बी' पाहू लागला.

आता प्रश्न होता ओ आणायचा कुठून. चंद्रकांताचा भाऊ सानगडीला. निरोप जाऊन तो येईपर्यंत दुसरा दिवस उजाडणार. सीरम संपले होते. पण तिच्याच रक्ताचे पिवळे पाणी नळीत होते, आणि त्याहून चोख परीक्षक त्या रुग्णालयात नव्हता. ट्रकवाल्याने बोट पुढे केले. फाटले. वॉर्डबॉयने केले. फाटले. धनीरामांनी केले, ते तर शिबिरात तपासलेले बी, आणि माझ्यावर त्यांचेही फाटले. सुनेच्या रक्ताने सासऱ्याला तोंडावर नाही म्हणावे, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते. त्यांनी बोट धोतराला पुसले.

गोदावरीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. नातीला त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून छातीशी धरले होते. सगळ्यांना विचारून झाले होते, त्यांना कोणी विचारले नव्हते.

"तिचं राहू द्या," धनीराम म्हणाले. "तिच्या हातावरही बीच आहे."

गोदावरीबाईंनी नात तुलारामच्या हातात दिली, पुढे आल्या आणि बोट धरले.

"टोचा," त्या म्हणाल्या.

श्यामरावांनी टोचले. थेंब मिसळला. ते मला डोलवू लागले. सरळ. त्यांनी गोणपाटावर पाणी शिंपडले, पुन्हा डोलवले. ऊन खिडकीतून माझ्या कडेवर आले होते, म्हणून आपल्या पाठीने त्यांनी ते अडवले. डॉक्टर घड्याळ पाहत होते. एक मिनिट. दोन मिनिटे. थेंबात एक दाणा धरला नाही. श्यामरावांनी दुसऱ्या बोटाचे रक्त घेऊन तेच पुन्हा केले. पुन्हा सरळ.

"चालते," ते म्हणाले.

धन-ऋण पाहायला सीरम नव्हते, तो धोका डॉक्टरांनी पत्करला. गोदावरीबाईंच्या रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडून पाहिला, तो तळाला गेला, म्हणजे अंगात रक्त पुरेसे होते. वय पंचेचाळीसच्या आत होते. त्या बाकावर आडव्या झाल्या, आणि काचेची बाटली हळूहळू भरू लागली.

बाटली अर्धी झाली तेव्हा त्यांनी श्यामरावांना हाक मारली.

"भाऊ, तीस साल झाले मले या घरी. यायचंच खाल्लं. यायच्याच धानाच्या बांधीत रोवणा केला. तरी माहं रगत माहेरचंच हाय?"

"हो बाई. होतं तसंच आहे."

त्यांनी भरत्या बाटलीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मंग बरं झालं. बदललं असतं तर हे पोरगी गेली असती."

धनीराम तिथेच उभे होते. ते बाहेर गेले आणि नळाखाली हात धरून ते अक्षर चोळत बसले. गोंदण कुठे जाते?

चंद्रकांता वाचली. संध्याकाळी तिने पाणी मागितले. दुसऱ्या दिवशी सानगडीचा भाऊ आला, त्याचेही रक्त माझ्यावर सरळ राहिले आणि दुसरी बाटली त्याची चढली. नवव्या दिवशी ती घरी गेली. मी मात्र त्या दुपारी पाण्याच्या कुंडीत तशीच पडून राहिले होते. सगळे आवरल्यावर श्यामरावांनी मला धुतले आणि एरवी फडक्याने पुसत, ते त्या दिवशी स्वतःच्या रुमालाने पुसले. माझे कौतुक आयुष्यात एवढेच झाले, आणि ते मला पुरेसे वाटले.

पुढे दिवस बदलले. काचेच्या लहान नळ्या आल्या. फ्रीजला ओल लागू नये म्हणून मला त्याच्याखाली सरकवले. एक कोपरा तेव्हाच उडाला. झाडणारीचा खराटा लागे तेव्हा लागे, बाकी माझी आठवण कोणाला नव्हती. भिंतीवरच्या बहिणींचा मला हेवा वाटेनासा झाला होता, एवढे मात्र खरे.

१९८६ साली शाळेतल्या मुलांची तपासणी निघाली. मुले निघाली जास्त, नळ्या पडल्या कमी. श्यामरावांचे केस पिकले होते. त्यांनी वाकून मला फ्रीजखालून ओढले, साबणाने धुतले आणि पूर्वीसारखी लाल रेघ ओढली.

रांगेत आठ वर्षांची एक मुलगी होती. नाव केशर. लुगड्यात गुंडाळलेली ती नात हीच. सोबत धनीराम आले होते, आता काठी घेऊन. तिच्या हातावर काही गोंदलेले नव्हते. नवा मास्तर यादी भरत होता. त्याने धनीरामांना विचारले, "आजोबा, घरात कोणता गट आहे? तोच लिहून टाकतो, रांग मोठी आहे."

सगळ्या विषयांतले कळणारे धनीराम काठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मी नाही सांगत," ते म्हणाले. "मले तिचं मालूम नाही. पोरीले इचारा, पोरीच्या बोटाले इचारा."

केशरने डोळे मिटून बोट पुढे केले. रडली नाही. श्यामरावांनी मला डोलवले, पाहिले, चिठ्ठी लिहिली. धनीरामांनी सवयीने चिठ्ठीसाठी हात पुढे केला आणि मग आपणच मागे घेतला. केशरने ती घडी करून आपल्या मुठीत ठेवली. त्यात काय लिहिले होते ते मला माहीत आहे, पण ते तिचे आहे, मी सांगणार नाही.

ते माझे शेवटचे काम. आता मी कपाटात एका गळक्या बाटलीखाली असते. माझी तक्रार नाही. मित्रांनो, मला जपा असेही मी म्हणत नाही. टाइल फुटली तर दुसरी मिळते. फक्त एवढे करा. कोणाला रक्त द्यायची वेळ आली आणि घरातले मोठे माणूस छातीवर हात ठेवून म्हणाले की आम्हाला ठाऊक आहे, तर त्यांना पाणी द्या, बसायला जागा द्या, आणि जिला रक्त हवे आहे तिच्याच बोटाचा थेंब घ्या.